सकाळची नाडी

"त्या घड्याळाचा गळा दाबा आधी," शालिनीताई डोळे न उघडता म्हणाल्या.

मी मांडीजवळच्या स्टॉपवॉचचे बटण दाबले. बारा मिनिटे पूर्ण झाल्याची वर्दी त्याने दिली होती, आणि वर्दी देणे हेच त्याचे काम होते. सभागृहात सतरा माणसे मांडी घालून बसली होती. शालिनीताई सोडून सर्वांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

"बारा मिनिटे झाली," मी म्हणालो. "या आठवड्याचे उद्दिष्ट तेवढेच आहे. पुढच्या आठवड्यात चौदा."

"आणि मग?"

"मग सोळा."

"आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत?"

"अक्षय्य तृतीयेपर्यंत सर भिंतीतूनच पलीकडे जातील, ताई," निवृत्त तलाठी निरगुडे म्हणाले. माणसे हसली. ध्यान मोडले ते मोडलेच.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो आणि साताऱ्यातील एका क्रीडासंस्थेत मध्यम पल्ल्याच्या धावपटूंचा प्रशिक्षक होतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या मुलामुलींनी राज्यस्तरावर एकोणीस पदके आणली होती. विसावे सुलन वाघमोडे आणणार होती. ते आले नाही. राज्याच्या कुमार धावपटूंचे चाळीस दिवसांचे उन्हाळी शिबिर असते. त्याचे प्रमुखपद मिळावे अशी माझी अकरा वर्षांची इच्छा होती, आणि दर वर्षी माझ्याहून कमी काम केलेला व अधिक ओळखी असलेला कोणीतरी ते घेऊन जाई. त्या वर्षी प्रथमच पत्र माझ्या नावे आले. अट एकच होती: वैद्यकीय दाखला.

डॉक्टर टेंबे यांनी रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. एकशे साठ, शंभर. मग त्यांनी मनगट धरले. अठ्ठ्याऐंशी.

"मोकाशी सर, तुम्ही धावपटू घडवता, आणि तुमची नाडी खंबाटकीचा घाट चढणाऱ्या मालट्रकसारखी," ते म्हणाले. "गोळी देतो, तिने दाब उतरेल. पण नाडी गोळीवर सोडणार नाही मी. तुमच्या हातात बारा आठवडे आहेत. योगवर्गाला जा, ध्यान करा, आणि रोज पहाटे अंथरुणातच नाडी मोजून लिहा. बहात्तरच्या आत आली की सही करतो. अंथरुणातली नाडी मी काही मोजायला येणार नाही. पण तुमच्या नोंदींवर माझा विश्वास आहे."

अशा रीतीने मी शालिनीताई सबनीसांच्या वर्गात दाखल झालो. वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या सभागृहात सकाळी सहाला भरे. शालिनीताई सदुसष्ट वर्षांच्या, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. त्या बसत ताठ, बोलत थोडे आणि ऐकत फार. लग्नसराई सुरू झाली की खालच्या भटारखान्यातून बुंदीच्या कढईचा वास जिना चढून येई, आणि प्राणायामातला दीर्घ श्वास घेणे ही एक निराळीच परीक्षा होऊन बसे. सभागृहाच्या दाराशी एक फळा होता. त्यावर कार्यालयाचा माणूस वधूवरांची नावे रंगीत खडूने लिहून ठेवी.

घड्याळाच्या त्या प्रकरणानंतर वर्ग सुटल्यावर मी शालिनीताईंना थांबवले आणि माझा तक्ता त्यांच्यापुढे पसरला. तो मी चार रंगांत आखला होता. चार आठवडे पायाभरणी, पाच आठवडे भार, तीन आठवडे उतार. आसनांच्या आवर्तनांची संख्या, प्राणायामाची मिनिटे, ध्यानाची मिनिटे, आणि शेवटच्या स्तंभात अपेक्षित नाडी: अठ्ठ्याऐंशीपासून बहात्तरपर्यंत पायरीपायरीने उतरत जाणारी.

"शरीर मैदानावर धावत असो की चटईवर बसलेले असो, त्याचे नियम बदलत नाहीत," मी म्हणालो. "भार थोडा वाढवायचा, शरीराला सवय होऊ द्यायची, मग पुन्हा वाढवायचा. तुम्ही रोज सर्वांकडून तेच आणि तेवढेच करून घेता. याला सराव म्हणता येईल. प्रशिक्षण म्हणता येणार नाही."

"बरं. ध्यानाचा भार वाढवून काय वाढतं?"

"क्षमता."

"कशाची?"

"स्थिर बसण्याची."

"ती क्षमता आमच्या यांची दांडगी होती. चहाचा कप संपला तरी खुर्चीतून उठत नसत." त्यांनी चष्मा लावला आणि तक्त्यावरून बोट फिरवले. "यात रविवार कुठंय?"

"रविवारी दोन वेळा. सुटीचा दिवस असतो, वेळ अधिक मिळतो."

"आणि शवासन?"

"दोन मिनिटे."

"मी पंधरा देते."

"उरलेली तेरा मी प्राणायामाकडे वळवली आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या पोरांनाही असाच रविवार असायचा का हो?"

"माझ्या मुलांनी एकोणीस पदके आणली आहेत."

"पदकं नाही विचारली मी."

वाद अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही. मी खडू उचलला. फळ्यावर कोणा चि. अमोल आणि चि. सौ. कां. स्नेहल यांच्या नावांखाली हातभर जागा मोकळी होती. "माझी सकाळची नाडी मी रोज इथे लिहीन," मी म्हणालो. "पंधरा सेकंद मोजायची आणि चाराने गुणायचे, ही माझी पद्धत. मैदानावरची मुले आजही तशीच मोजतात. बारा आठवड्यांनी हा फळाच आपल्या दोघांचा निवाडा करील. मत माझे असो वा तुमचे, आकडा कोणाचा नसतो."

"लिहा," शालिनीताई म्हणाल्या. "अमोल-स्नेहलचं कार्य आटपू द्या तेवढं."

पहाटे पाच वाजता गजर होई. डोळे न उघडता मी उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर टेकवी, आणि मग एक डोळा घड्याळापुरता उघडी. बावीस. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी.

"किती?" शेजारून नलिनी, माझी पत्नी, विचारी.

"पुन्हा मोजतो."

मैदानावर हे माझे वाक्यच होते. धावपटूंच्या वह्या मी सकाळी तपासत असे, आणि कोणाची नाडी वर गेलेली दिसली की वर न पाहता म्हणे, पुन्हा मोज. मुलांनी त्यावरून माझी नक्कल बसवली होती, हे मला ठाऊक होते.

"पुन्हा मोजून ती घाबरून कमी होणार आहे का?" नलिनी म्हणे आणि कूस बदले.

पायाभरणीचे चार आठवडे गेले. मी बारावरून अठरा मिनिटांवर आलो. सूर्यनमस्कार चोविसांवरून छत्तिसांवर नेले. फळ्यावर मात्र अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. वर वधूवर बदलत राहिले. खाली माझी नाडी तीच.

मी उपाय शोधले. सलग अठरा मिनिटे मन टिकत नाही असे दिसल्यावर मी ध्यानाचे तुकडे पाडले, चारशे मीटरच्या फेऱ्यांचे पाडतो तसे: पाच मिनिटे ध्यान, एक मिनिट विसावा, अशी चार आवर्तने.

"आणि विसाव्यात काय करता?" शालिनीताईंनी विचारले.

"नाडी मोजतो."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. तीस वर्षे लोकांचे बोलणे जोडून देऊन स्वतः गप्प राहण्याची सवय असलेल्या बाईचे ते गप्प राहणे होते, आणि त्याचा मला विलक्षण संताप येई. बाकीची मंडळी शवासनात पडून राहत, कोणी घोरे, आणि त्यांच्याकडे पाहून मला वाटे की या घोरणाऱ्याची नाडी आता नक्की अडुसष्ट असेल. काहीही न करता अडुसष्ट! मी मात्र तेवढ्या वेळात कपालभातीची तीन आवर्तने उरकून घाम पुशीत असे. माझे गुडघे दुखत होते, झोप चारलाच मोडत होती, आणि नलिनीने माझ्याशी जेवताना बोलणे सोडून दिले होते. कारण घास किती वेळा चावला हे मी मोजत असल्याने मला उत्तर देता येत नसे.

भाराच्या टप्प्याचा दुसरा आठवडा संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे अपेक्षित नाडी होती ऐंशी. पहाटे मोजली. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजली. ब्याण्णव. तिसऱ्यांदा मोजण्याचे धैर्य झाले नाही.

सभागृहात निरगुडे माझी वाट पाहत होते. "सर, आज उतरली ना?" ते म्हणाले. "काय आहे, मीसुद्धा तुमचा तक्ता उतरवून घेतलाय. कालपासून सुरुवात केली. ताईंना बोलू नका."

मी खडू हातात घेतला. कालच्या आकड्यासमोर क्षणभर थांबलो. सरासरी काढली तर, मनात आले, गुडघेदुखीचा परिणाम वजा केला तर, रात्री मोटारींच्या आवाजाने झोपमोड झाली ती हिशेबात धरली तर. मी लिहिले: ब्याऐंशी.

"वा!" निरगुडे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी. मग एकदम उतरू नये म्हणून पुन्हा ब्याऐंशी. मग एकोणऐंशी. घरी वहीतही तेच आकडे लिहिले. आश्चर्य हे की आकडे उतरू लागल्यावर मला बरे वाटू लागले. जिना हलका वाटला. नलिनीला मी सांगितले की पद्धत लागू पडते आहे. उशीर लागला, इतकेच. ती म्हणाली, "मग चेहऱ्याला कळवा की."

सतराव्या दिवशी फळ्यावर पंच्याहत्तर आले. त्याच सकाळी निरगुडे कपालभातीच्या चौथ्या आवर्तनात डोळे पांढरे करून कलंडले. भटारखान्यातून साखरपाणी आले, वारा घातला गेला, पाच मिनिटांत ते उठून बसले आणि पहिले वाक्य बोलले ते हे: "सरांना काही बोलू नका, चूक माझीच. त्यांचं बघा, त्यांना मानवलंय."

त्यांना रिक्षात बसवून शालिनीताई वर आल्या. सभागृह रिकामे होते. मी चटई गुंडाळत होतो.

"मोकाशी सर, तुम्ही नाडी पंधरा सेकंद मोजता ना?"

"हो."

"आणि चारानं गुणता."

"तसे मी पहिल्याच दिवशी सांगितले आहे."

"सांगितलंत म्हणूनच विचारते." त्या फळ्याजवळ गेल्या. "मला आकडे लक्षात राहायची खोड आहे. नोकरीच तसली होती. पहिले सहा आठवडे तुमचा एकूणएक आकडा चारानं भागला जातो. चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. एकदा ब्याण्णव लिहून पुसलात, तोसुद्धा. गेले सतरा दिवस, त्यातले चारच भागले जातात. ते बहुतेक चुकून." त्या वळल्या. "ब्याऐंशी कसे येतील हो? साडेवीस ठोके कोणाचे पडतात?"

मी अर्धी गुंडाळलेली चटई पुन्हा उलगडली.

"ब्याऐंशी लिहिलेत त्या दिवशीच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस स्वतःच्या फळ्यावर काय लिहितो, ते त्याचं त्याच्यापाशी. पण आज निरगुडे पडले." त्यांनी डस्टर माझ्या हाती दिले आणि त्या जिना उतरून गेल्या.

मी सतरा दिवसांचे आकडे पुसले. वरची वधूवरांची नावे तेवढी राहिली.

घरी आलो तो शरमेपेक्षा संतापच अधिक होता. एका टेलिफोन ऑपरेटरला दिसले ते मला, अठ्ठावीस वर्षे नाडीच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला, लिहिताना दिसू नये? आणि मग, अंगणात चपला काढता काढता, माझा हात थांबला. तपासणाऱ्या माणसाला.

माळ्यावर पत्र्याची पेटी होती. तीत मी प्रत्येक धावपटूची वही जपून ठेवली होती, वर्षवार, सुतळीने बांधून. नलिनी खालून "काय शोधताय?" म्हणून विचारत होती. मी पंधरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला.

सुलन वाघमोडे माण तालुक्यातून माझ्याकडे आली तेव्हा सोळा वर्षांची होती. मेंढरांमागे धावलेले पाय, आणि पंधराशे मीटरमध्ये शेवटच्या वळणावर जणू दुसऱ्यांदा सुरुवात करण्याची तिची रीत. तिच्या वहीत अक्षर टपोरे होते. जूनमध्ये बावन्न, छप्पन्न, बावन्न, छप्पन्न. मग मी तिचे किलोमीटर वाढवले. ऑगस्टमध्ये साठ. माझ्या संघात नियम होता: नाडी साठच्या वर गेली तर त्या दिवशी विश्रांती, आणि सलग तीन दिवस गेली तर निवडीच्या यादीतून नाव कमी. नियम मुलांच्या रक्षणासाठी होता, असे मी मानत असे. सप्टेंबरच्या चार तारखेला चौसष्ट, खोडून साठ. पाच तारखेला चौसष्ट, खोडून साठ. सहा तारखेला तेच. सात तारखेला चोपन्न.

मग त्रेपन्न. चोपन्न. एक्कावन्न. त्रेपन्न. पन्नास. सात आठवडे. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत माझी सही, आणि सहीशेजारी शेरा: उत्तम. उत्तम. उत्तम.

मी पेन्सिल घेऊन प्रत्येक आकडा चाराने भागून पाहिला. तोंडी भागता येतो, तरी कागदावर मांडून भागला. मग वही मिटली.

राज्य निवडचाचणीत, दुसऱ्या फेरीतच, सुलनच्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता. फार दिवसांच्या भाराने जातो, तसा. तिचे वडील, बिरूतात्या, संस्थेच्या खोलीत येऊन उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "सर, पोर तुमच्या हवाली केली हुती. जास्ती पळवली का वं तिला?" मी ही वही काढली. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवली. चोपन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. "थकलेल्या शरीराची नाडी अशी नसते," मी त्यांना समजावले. "हे हिचेच अक्षर आहे. माझ्या सरावात चूक असती तर ती इथे दिसली असती. हिनेच घरी काहीतरी हयगय केली आहे." तात्यांनी मुलीकडे पाहिले. "व्हय गं?" सुलन कुबडीवर रेलून उभी होती. ती काही बोलली नाही. मी वही बंद केली, आणि संस्थेच्या दफ्तरात दोष धावपटूचा अशी नोंद झाली.

बारा आठवडे पूर्ण झाले तेव्हा मी डॉक्टर टेंब्यांकडे गेलो. गोळीने दाब एकशे अडतीसवर आला होता. त्यांनी हसून पेनाचे टोपण काढले. "आता वही दाखवा, की सुटलात."

मी वही पुढे केली आणि म्हणालो, "सातव्या आठवड्यापासूनच्या सतरा नोंदी खोट्या आहेत. त्यापुढच्या खऱ्या आहेत."

त्यांनी पाने उलटली. शेवटची नोंद चौऱ्याऐंशी होती. "सर, हे तुम्ही बोलला नसतात, तर..."

"ठाऊक आहे."

पेनाला टोपण लागले. शिबिराचे प्रमुखपद आणखी कोणाकडे गेले; त्याचे नाव वर्तमानपत्रात वाचले, आणि तो माझ्याहून योग्य होता की नव्हता हा वाद मी आयुष्यात प्रथमच कोणाशी घातला नाही.

शिबिर ज्या सोमवारी सुरू झाले, त्या दिवशी मी दहिवडीच्या गाडीत बसलो. सुलन आरोग्यसेविका झाली आहे आणि माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात असते, एवढे मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले होते. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर उन्हात चढण चालावी लागली. वही पिशवीत होती.

उपकेंद्राच्या ओसरीवर चार गरोदर बाया बसल्या होत्या. आत टेबलाशी, छातीवर उलटे घड्याळ टाचलेली बाई एकीचे मनगट धरून बसली होती. तिने वर पाहिले, आणि मोजणे न थांबवता दुसऱ्या हाताने मला बाकाकडे खूण केली. बायांचे आटपेपर्यंत मी बसून राहिलो.

"सर," मग ती म्हणाली. "एवढ्या उन्हाचं? फोन तरी करायचा. पाणी घ्या."

मी पाणी प्यायलो आणि वही टेबलावर ठेवली. तिने ती ओळखली. उघडली मात्र नाही.

"अजून जपून ठेवलीय व्हय?"

"यातले आकडे खोटे आहेत," मी म्हणालो.

"व्हय."

"केव्हापासून?"

"तुमच्याच हातचं हाय की सर त्यात. जिथनं तुम्ही उत्तम लिहाय लागला, तिथनं."

बाहेर एक शेळी ओरडत होती. मी ठरवून आणलेली वाक्ये होती, नीट बांधलेली. त्यांतले एकही तोंडातून बाहेर येईना. आले ते हे: "मला सांगायचे होतेस."

"सांगितलं हुतं." तिचा आवाज चढला नाही, तात्यांचाही चढला नव्हता. "तीन दिवस सांगितलं. चौसष्ट येतीय सर, पाय ठणकतोय. तुम्ही म्हणला, पुन्हा मोज. मोजली. तेवढीच आली. तुम्ही म्हणला, पुन्हा मोज. मग मला उमगलं, तुम्हाला कुठला आकडा पायजे ते. सोळा वर्सांची हुते मी. यादीतनं नाव गेलं तर तात्या परत मेंढरांमागं धाडतील, एवढंच दिसत हुतं."

"मी तात्यांना भेटतो," मी म्हणालो. "त्यांना सांगतो, संस्थेला लेखी देतो, की चूक..."

"तात्या जाऊन सहा वर्सं झाली, सर."

मी वहीवरचा हात काढून घेतला.

"शेवटपतोर म्हणायचे, पोरीनं त्या सरांचं नाव घालवलं. मी कधी काय बोलले न्हाई. अक्षर माझंच हुतं की."

नंतर किती वेळ गेला ते मी मोजले नाही. माझ्या कपाळावरून घाम ओघळत असावा. कारण ती उठून माझ्या बाजूला आली, स्टूल ओढून बसली आणि न विचारता तिने माझे मनगट हातात घेतले.

"पंधरा सेकंद पुरे," मी म्हणालो.

"आम्ही पुरं मिनिट मोजतो. बोलू नका."

तिची नजर छातीवरच्या घड्याळावर होती. बारा आठवडे ज्या एका मिनिटासाठी मी जिवाचा आटापिटा केला, ते मिनिट तिच्या बोटांखाली सावकाश पुरे झाले.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

माझ्या ओठांवर दोन शब्द आले. सुलन माझ्या तोंडाकडे पाहत होती. ते कोणते असतील, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मी ते गिळले. वही ओढली, तिच्या शेवटच्या नोंदीनंतरचे कोरे पान काढले, तारीख घातली आणि लिहिले: मोकाशी. त्र्याण्णव.

सुलनने वही आपल्याकडे फिरवली. आकडा वाचला. टेबलावरच्या पेल्यातून लाल पेन उचलले आणि पानाच्या तळाशी, मी करीत असे त्याच जागी, सही केली. शेरा मात्र तिने लिहिला नाही.